कमाई वाढली, तरी पोर बारकंच का?

एका ऊसतोड मजुरांच्या गावातल्या उपसरपंच ताईंनी विचारलं आहे ते थोडक्यात असं: "आमच्याकडची माणसं पूर्वीपेक्षा बरी कमावतात. निम्म्या घरांपुढे फटफटी आहे, टीव्ही तर बहुतेकांकडे आहे. तरी अंगणवाडीच्या यादीतली बुटक्या आणि कमी वजनाच्या पोरांची नावं कमी होत नाहीत. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला महिला-बालकल्याणाचा १० टक्के निधी पडून आहे. एक विक्रेता प्रोटीन पावडरचे डबे घ्या म्हणून मागे लागलाय. सदस्य म्हणतात शिबिर घ्या, लोकांना समजच नाही. हा प्रश्न गरिबीचा की समजेचा? पैसा कशात घालू?"

ताई, डब्यांचं आधीच सांगून टाकते. घेऊ नका. का, ते ओघात येईल.

मी तालुक्याच्या गावी २६ वर्षं लहान मुलं तपासते आहे. आमच्या भागात बालरोगतज्ज्ञाला कॅलेंडर लागत नाही. दिवाळी झाली की ओपीडी ओस पडते, ऊसतोड मजुरांच्या गाड्या साखर कारखान्यांकडे गेलेल्या असतात. पाडव्याच्या आगेमागे एकदम गर्दी होते, आणि ऑक्टोबरमध्ये मांडीवर नाचणारं पोर तेव्हा आईच्या खांद्यावर मान टाकून आलेलं असतं. मधल्या पाच महिन्यांत त्या घराने वर्षातली सगळ्यात मोठी कमाई केलेली असते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या पाच महिन्यांत शोधत आले आहे. गरिबी की समज, या जोडीत एक तिसरी गोष्ट राहून जाते, ती म्हणजे वेळ. घरात पैसा किती आला एवढ्यावर पोराची वाढ ठरत नाही. तो पोराच्या कोणत्या वयात आला, कोणाच्या हातात पडला, आणि तो मिळवायला पोराच्या वाट्याचे किती तास खर्ची पडले, यावर ती ठरते.

याचा अर्थ उत्पन्नाचा संबंध नाही असा मात्र कोणी काढू नये. संबंध आहे आणि तो घट्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ साली, देशातल्या सगळ्यात गरीब पाचव्या हिश्श्यातल्या घरांत पाच वर्षांखालची ४६ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्श्यात हेच प्रमाण २३ टक्के होतं. म्हणजे बरोबर निम्मं. "आपली माणसं मुळातच बुटकी" हे जे पारावर ऐकू येतं, त्यातही तथ्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीची जी प्रमाणं दिली, तीच आज तुमच्या अंगणवाडी सेविकेच्या तक्त्यावर आहेत. ती ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुलं मोजून काढली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांतली होती, आणि ती नॉर्वेच्या पोरांच्या बरोबरीने वाढली. खाणं, आरोग्य आणि स्वच्छता नीट मिळाली तर आपलं पोर तेवढं वाढतं.

आता तुमची फटफटी. हे सर्वेक्षण उत्पन्न विचारत नाही, घरातल्या वस्तू विचारतं: फरशी कसली, टीव्ही आहे का, गाडी आहे का. फटफटी आली की कुटुंब त्या शिडीवर वर चढतं. पण फटफटीचा हप्ता दुधाच्या रतिबाच्या आधी जातो, हे प्रश्नावलीत कुठे लिहायचं? म्हणून वरच्या हिश्श्यातल्या २३ टक्क्यांना मी "श्रीमंतांची मुलं" म्हणत नाही. त्यात वस्तू आलेली पण रोजचा हात अजून मोकळा न झालेली पुष्कळ घरं आहेत.

आणि राज्याचा पैसा वाढला म्हणून पोरांची उंची वाढतेच असंही नाही. महाराष्ट्रात २००५-०६ साली पाच वर्षांखालची ४६.३ टक्के मुलं बुटकी होती, २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के झाली. ही घट चांगली होती. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये सुरू झालं होतं आणि पहिल्या हजार दिवसांवर, म्हणजे गरोदरपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळावर, तेव्हा बराच जोर होता. पुढच्या फेरीत आकडा ३५.२, म्हणजे जागच्या जागी. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, ज्यांना आपण लुकडी म्हणतो, ती मुलं दोन्ही फेऱ्यांत २५.६ टक्के होती. देशाची सरासरी २०१९-२१ मध्ये १९.३ होती. मधल्या काळात राज्यात मोबाइल आले, गाड्या आल्या, पक्की घरं आली. पोरांचा काटा मात्र तिथेच राहिला.

आता पोराकडून बघू. जन्मानंतर पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात बारा. पुढे आयुष्यात असा वेग परत येत नाही, वयात येतानाही नाही. दोन वर्षांचा मुलगा ८७ सेंटीमीटरच्या आसपास असावा. ८१ च्या खाली गेला तर तो बुटका धरतात. ही जी सहा-सात सेंटीमीटर जातात, ती मुख्यतः सहाव्या महिन्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत जातात. म्हणजे बाप पोराच्या चौथ्या वर्षी कमवायला लागला, तर त्या पैशाने शाळेचा गणवेश येईल, वजनही भरेल, पण गेलेली उंची फारशी परत येणार नाही. पोराच्या अंगात पैसा मुरण्याची मुदत फार लहान असते.

आणि या वयाला लागतं तरी किती? सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी हव्यात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, पहिल्या वाढदिवसानंतर साडेपाचशे. साडेपाचशे म्हणजे ज्वारीच्या दोन-अडीच भाकऱ्या. रेशनवर माणशी पाच किलो धान्य येतं आणि २०२३ पासून ते फुकट आहे. एवढ्या धान्यात या पोराच्या पोटाला कमी पडायचं कारण नाही. मग अडतं कुठे?

पोट लहान असतं, तिथे अडतं. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी वाटीभर, पावणेदोनशे ते अडीचशे मिलीलिटर मावतं. त्यात तुम्ही पातळ पेज घातली, डाळीचं वरचं पाणी घातलं, तर पोट भरतं आणि पोर उपाशी राहतं. "डॉक्टर, रोज डाळीचं पाणी देते" असं सांगणाऱ्या आईचा मी कधी राग करत नाही, पण मनातल्या मनात कपाळावर हात मारते. डाळ खाली राहते, ती घरातली मोठी माणसं खातात. बाळाला घट्ट हवं, चमच्यावरून न ओघळणारं, आणि त्यात चमचाभर तेल किंवा तूप. एका चहाच्या चमच्यात पाच ग्रॅम तेल, म्हणजे ४५ कॅलरी. इतक्या स्वस्तात आणि इतक्या कमी जागेत एवढी ऊर्जा दुसऱ्या कशात मिळत नाही.

पोट लहान म्हणून दिवसातून तीन-चार वेळा भरवायचं, वर एखाददुसरं मधलं खाणं. दहा महिन्यांचं बाळ एका बैठकीला अर्धा तास घेतं. तोंड फिरवतं, थुंकतं, चमचा ओढतं, मांजराकडे बघतं. म्हणजे नुसत्या भरवण्याला दिवसाचे दोन तास. शिजवणं, भांडी, हात धुणं वेगळं. हे दोन तास धान्याच्या दुकानात मिळत नाहीत. घरातल्या कोणीतरी ते द्यावे लागतात, आणि ज्या घराचं पोट दोघांच्याही हातांवर आहे तिथे ते दोन तास मजुरीतून कापून द्यावे लागतात. नवरा-बायको मिळून एक "कोयता" मोजणाऱ्या ऊसतोडीच्या धंद्यात तर बाईने हात थांबवला की अर्धा कोयता थांबतो.

दोन घरं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे फिरवले आहेत. दोन्ही घरं एकाच गावची, दोन्हीकडे एकाच महिन्यात जन्मलेली मुलगी. पहिल्या घराने मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या टोळीच्या ठेकेदाराकडून, मोठी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली होती. दसरा झाला आणि जोडपं आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन गेलं. जाताना ती ७.२ किलो होती. फडात, म्हणजे उसाच्या शेतावर, पहाटे चारला उठायचं, गाडी भरेपर्यंत रात्र. मुलगी फडाच्या कडेला चिपाडाच्या सावलीत, राखायला सात वर्षांची बहीण. अंगावर पाजणं दुपारी एकदा आणि रात्री. मधल्या वेळेत बहिणीच्या हातचा बिस्किटाचा पुडा, चहात बुडवून. दोन वेळा हगवण. एप्रिलमध्ये वजन ७.३ किलो. साडेपाच महिन्यांत शंभर ग्रॅम.

दुसऱ्या घरातली आई शाळेत पोषण आहार शिजवते. महिन्याला दोन-अडीच हजार, तेही कधी वेळेवर, कधी थकून. नवरा गावातच मिळेल ते काम करतो. दोन शेळ्या आणि एक खमकी सासू. या मुलीचं वजन ऑक्टोबरमध्ये ७ किलो होतं, म्हणजे पहिलीपेक्षा कमी. एप्रिलमध्ये ८.८. वर्षाची बेरीज केली तर पहिल्या घराची कमाई दुसऱ्याच्या दुपटीच्या घरात जाते. दुसऱ्या घरात पैसा थोडा होता, पण थेंब-थेंब येत होता, आणि सासूचे हात मोकळे होते.

यातून कोणी पहिल्या आईला दोष देऊ लागलं तर मला राग येईल. उचल फेडायची असते. ती न गेली असती तर पुढच्या वर्षी कर्ज दुप्पट झालं असतं. तिला कळत नव्हतं असंही नाही. एप्रिलमध्ये मला तिने सांगितलेलं वाक्य: "मला ठावं हाय बाई काय द्यायचं, देऊ कवा?" तुमच्या सदस्यांना शिबिर घ्यायचं असेल तर आधी हे वाक्य ऐकवा.

उचलीचं अजून एक आहे. ती एकरकमी येते आणि पुरुषाच्या हातात येते. तिच्यातून मागचं कर्ज फिटतं, बहिणीचं लग्न होतं, घरावर पत्रे पडतात. हे खर्च चैनीचे नाहीत. पण त्या रकमेला लहान पोराच्या वाटीपर्यंत जायला वाटच नसते. फडावर आठवड्याची खर्ची मिळते, त्यात पीठ-मीठ भागतं. हातात खुळखुळणारा रोजचा पैसा म्हणजे वाढे, उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेला, आणि भाजी, तेल, कधीमधी अंडं त्यातूनच येतं. अर्थशास्त्रातल्या लोकांनी वार्षिक उत्पन्न मोजावं, त्यांचं ते काम आहे. पोराच्या वाढीसाठी मला विचाराल तर वाढ्यांचा पैसा उचलीपेक्षा कामाचा, कारण तो रोज येतो आणि चुलीजवळ राहतो.

म्हणूनच बाईच्या खात्यात थेट पैसा, ही कल्पना मला पटते. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेतून महिन्याला १५०० रुपये जमा व्हायला लागले. दिवसाला पन्नास रुपये. सात रुपयांचं अंडं धरलं तर एका पोराला महिनाभर रोज एक अंडं २१० रुपयांत बसतं. माझ्याकडे येणाऱ्या काही आया आता औषधाची चिठ्ठी घेऊन नवऱ्याची वाट बघत बसत नाहीत, स्वतः पर्स उघडतात. हा फरक माझ्या डोळ्यांनी दिसतो. पण नुसत्या पैशाने उंची वाढेल अशी आशा धरू नका. बांगलादेशाच्या ग्रामीण भागात २०१२ ते २०१४ या काळात यावर नीट प्रयोग झाला. गरीब घरांतल्या आयांना दर महिन्याला रोख रक्कम दिली. नुसती रक्कम दिलेल्या घरांत मुलांच्या बुटकेपणात फरक पडला नाही. जिथे रकमेबरोबर दर आठवड्याला बायकांच्या बैठका झाल्या, घरी जाऊन दाखवणं झालं, नवरे आणि सासवांनाही बोलावलं, तिथे बुटक्या मुलांचं प्रमाण जवळपास आठ टक्के-अंकांनी खाली आलं. दोन वर्षांत एवढी घट म्हणजे मोठी गोष्ट आहे.

या प्रयोगावरून कोणी "बघा, समजच कमी होती" म्हणेल. मी ते तसं वाचत नाही. समज दिली आणि ती वापरायला पैसाही दिला, तेव्हा काम झालं. आणि ती समज म्हणजे वर्षातून एकदा मंडप घालून, पाहुण्यांना नारळ-शाल देऊन, तक्ते लावून केलेलं शिबिर नव्हे. दोन वर्षं, दर आठवड्याला.

आई गरोदर होण्याआधीचं थोडं सांगते, कारण पोराची वाढ तिथूनच सुरू होते. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात दर पाच बायकांपैकी एकीचं वजन उंचीच्या मानाने कमी होतं, आणि २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं. आपल्या पट्ट्यात हे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे, आणि त्याचाही धागा कोयत्याला जाऊन मिळतो: मुलीला गावात एकटी ठेवायची भीती, आणि लग्न झालं की एक जोडी तयार. सतरा वर्षांची, चाळीस किलोची मुलगी बाळंत होते तेव्हा बाळ सव्वादोन किलोचं येतं. अडीच किलोच्या खालचं बाळ वाढीची शर्यत मागच्या रेषेवरून सुरू करतं. त्या घरात नंतर पैसा आला तरी तो आधी ही तूट भरतो. वरच्या हिश्श्यातल्या घरांत अजून बुटकी मुलं दिसतात त्याचं एक मोठं कारण हेच. घर एका पिढीत वर आलं, पण बाळ ज्या आईच्या पोटात वाढलं ती स्वतः गरिबीत वाढलेली होती.

आजारपणाचंही हिशेबात धरा. हगवण झालेलं पोर खात नाही, खाल्लेलं टिकत नाही, आणि खाजगी दवाखान्यात सलाइन लावायला दोन-तीन हजार जातात. ते कुठून जातात? दुधातून, अंड्यांतून, म्हणजे त्याच पोराच्या ताटातून. स्वच्छतेबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलते. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथे मोठे प्रयोग झाले. घरोघरी संडास, हात धुण्याची सोय, पाणी शुद्ध करणं, सगळं दिलं. मुलांची उंची त्याने वाढली नाही. संडास हवेतच, माणसाच्या अब्रूसाठी आणि रोगराईसाठी. पण ग्रामपंचायतीने संडास बांधले म्हणून यादीतली बुटकी नावं कमी होतील असं कोणी तुम्हाला सांगितलं तर मान डोलवू नका.

पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्यांवर मला वेगळं पान लिहिता येईल, पण आवरते. या पुड्याला आपण "वाईट सवय" म्हणतो. माझ्या मते तो वेळेची भरपाई आहे. दिवसभर न दिसलेली आई संध्याकाळी येते, पोर रडतं, चूल पेटायला तास आहे, आणि पाच रुपयांत शांतता मिळते. गावात आजी-आजोबांकडे मागे ठेवलेल्या पोरांचंही तेच. मुलगा फोनवरून पैसे पाठवतो, आजीला गुडघ्यामुळे उठवत नाही, नातू दहाची नोट घेऊन दुकानात जातो. जेवणाआधी पुडा खाल्लेलं दोन वर्षांचं पोर रात्री भाकरीकडे बघत नाही. मग आई म्हणते, "काही खातच नाही, टॉनिक लिहून द्या." इथे पैसा घरात येतो आणि पोराच्या तोंडापर्यंतही पोचतो, पण मीठ आणि तेलकट पिठाच्या रूपात. गाव जसं सुधारतं तसं हे दुखणं वाढतं, आणि जाड मुलंही दिसू लागतात. देशात जास्त वजनाची लहान मुलं २०१५-१६ च्या फेरीत २.१ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाली.

एक उलटी बाजूही पंचायतीच्या बैठकीत सांगण्यासारखी आहे. आपण उत्पन्नाचा परिणाम पोषणावर बघतो, पण पोषणाचा परिणाम उत्पन्नावरही होतो. ग्वाटेमालातल्या काही खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात लहान मुलांना पौष्टिक लापशी दिली गेली, आणि शेजारच्या खेड्यांत नुसतं गोड पेय. ज्या मुलग्यांना तिसऱ्या वर्षाच्या आत लापशी मिळाली, त्यांची मोठेपणी तासाची मजुरी इतरांपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त भरली. तुमच्या सदस्यांना "वाटप" हा शब्द फार आवडत असेल, तर त्यांना सांगा की हे वाटप नाही, बियाणं आहे.

आता तुमचा निधी. डबे का नकोत? तुमच्या पोरांत कमतरता एकट्या प्रोटीनची नाही. एकूण अन्न, चरबी, लोह आणि भरवणारे हात, सगळंच कमी आहे. डबा घरी गेला की तो पाण्यात पातळ होतो, घरातली तिन्ही पोरं वाटून घेतात, आणि तीन आठवड्यांत संपतो. तेवढ्याच पैशात शेंगदाणे, डाळ, तेल आणि अंडी कितीतरी पट जास्त येतात. आणि ज्या पोराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी आहे किंवा पायाला सूज आहे, त्याला डबा देऊन घरी पाठवणं धोक्याचं आहे. ते तीव्र कुपोषित आहे. त्याला आरोग्य केंद्रात दाखवा. भूक आहे आणि दुसरा आजार नाही तर गावातलंच ग्राम बाल विकास केंद्र, नाहीतर थेट रुग्णालयातलं पोषण पुनर्वसन केंद्र.

माझं मत विचाराल तर बहुतेक पैसा एका गोष्टीत घाला: सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी गावात पाळणाघर, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत. अंगणवाडी आहेच की, असं कोणी म्हणेल. पण अंगणवाडीत बसून खातात ती तीन वर्षांवरची मुलं. तीनच्या आतल्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, आणि घरी भरवायला कोण आहे हाच तर आपला प्रश्न आहे. ज्या दीड वर्षात उंची जाते, नेमकं तेच वय अंगणवाडीत दिवसभर नसतं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग संस्थेने याच वयासाठी गावोगाव "फुलवारी" चालवल्या. गावातल्याच बायका, दिवसभर सांभाळ, दिवसातून तीन वेळा खाणं. पुढे तिथल्या सरकारनेही ही कल्पना उचलली. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. शाळेत येत नसलेल्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आपल्याच. केंद्राच्या "पाळणा" योजनेतही अंगणवाडीला पाळणाघर जोडता येतं; बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे त्याचा अर्ज आधी टाका, आणि मंजुरीची वाट न बघता यंदाचा हंगाम तुमच्या निधीवर काढा.

ढोबळ हिशेब देते. एका मुलाला दिवसाला एक अंडं, मूठभर डाळ-तांदळाची घट्ट खिचडी, वरून दोन चमचे तेल, आणि शेंगदाण्याचा कूट-गूळ. कूटच, अख्खा दाणा नाही. तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या श्वासनलिकेत दाणा अडकलेला मी चार वेळा पाहिला आहे. आजच्या भावाने हे वीस रुपयांच्या आसपास बसतं. वीस मुलं, महिन्याचे पंचवीस दिवस, पाच महिने: पन्नास हजार. दोन बायकांचं मानधन वेगळं. त्या बायका निवडताना बारावी पास शोधू नका. ज्या आजीने स्वतःची नातवंडं नीट वाढवली आहेत आणि जिला पोराच्या तोंडात घास घालायचा कंटाळा येत नाही, ती शोधा.

पाळणाघर आहे म्हटल्यावर काही जोडपी लहानग्यांना आजीकडे ठेवून जाऊ लागतील. वर्षाच्या आतलं, अंगावर पिणारं बाळ मात्र आईपासून तोडू नका; त्याने आईबरोबरच जावं. अशा आयांना निघण्याआधी सेविकेकडून नोंद करून घ्यायला सांगा, म्हणजे कारखान्याजवळच्या अंगणवाडीत त्यांना आहार मागता येईल. तो त्यांचा हक्क आहे. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाइल ॲपवर स्थलांतर नोंदवायची सोय आहे, पण सेविकेला आठवण करावी लागते. आणि मुकादम गावातलाच असेल तर त्याला पंचायतीत बोलावून एवढं तरी कबूल करून घ्या की पाजणाऱ्या बाईला सकाळी एकदा आणि दुपारी एकदा अर्धा तास मोकळीक मिळेल, आणि तिचा खाडा, म्हणजे गैरहजेरी, लागणार नाही. तो लगेच हो म्हणेल असं नाही, पण सर्वांसमोर नाही म्हणणंही त्याला जड जाईल.

निधीतून उरलेल्या पैशात एक चांगली लांबी मोजायची फळी घ्या. गाड्या निघायच्या आठवड्यात आणि परत आल्याच्या आठवड्यात प्रत्येक पोराचं वजन आणि उंची, दोन्ही मोजून वहीत शेजारी-शेजारी लिहा. दोन वर्षांच्या आतलं पोर आडवं झोपवून मोजायचं, वरचं उभं करून. यात पाऊण सेंटीमीटरचा फरक पडतो. आडवं मोजायला दोन जणी लागतात, एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे दाबून टाचा फळीला लावायच्या. एकटीने मोजलेला आकडा लिहूच नका. मागे एका गावात सगळ्याच मुलांची उंची तीन महिन्यांत कमी झालेली दिसली आणि पंचायत हादरली. जाऊन पाहिलं तर खोलीला नवा रंग दिल्यावर भिंतीवरची मोजपट्टी पुन्हा चिकटवताना जमिनीपासून दोन बोटं वर लागली होती.